भरीव बिंदू

पुणतांबेकरांच्या घरात चष्मा नाही, हे विश्वेश्वर मास्तर नव्या माणसाला त्याचा चहा संपायच्या आत सांगत. माणूस चष्मेवाला असला तर जरा जास्तच रंगवून सांगत. आजोबा नव्वदीत पंचांग वाचायचे, वडील जायच्या आदल्या दिवशी सुपातला खडा टिपून दाखवत होते, आणि स्वतः मास्तर साठीला टेकले तरी मागच्या बाकावरची चिठ्ठी फळ्यापासून पकडायचे. यातली आजोबांची गोष्ट खरी होती. वडिलांच्या गोष्टीतला खडा दर वर्षी बारीक होत गेला होता. आणि मास्तरांचं म्हणाल, तर ते हल्ली वर्तमानपत्र हातभर लांब धरून छपाईला नावं ठेवायचे. सुईत दोरा ओवायला पूर्वी बायकोच्या हातून सुई हिसकावून घेत, आता दोरेच हलके येतात म्हणत.

तसा घरात चष्मा होता. तो मृणालिनीबाईंच्या नाकावर होता आणि चांगला जाड होता. पण त्या ग्वाल्हेरहून सून म्हणून आलेल्या, तेव्हा तो चष्मा घराण्याच्या हिशेबात धरायचा नाही असं सासऱ्यांच्या काळापासून ठरलेलं होतं. सासरे त्यांना लाडानं 'चष्मेवाली' म्हणत, मग नवराही म्हणू लागला. बाईंनी फार मनाला लावून घेतलं नाही. सकाळी सगळे गंगेच्या घाटावर सूर्याचं तेज कमवायला जात तेव्हा त्या गॅसपाशी असत. तेजाच्या लोकांना परत आल्यावर पोहे लागत.

डोळ्यांचं सगळं श्रेय मास्तर सूर्यनारायणाला देत. काशीत गंगेवर उभं राहून अर्घ्य देणारे हजारो. पुणतांबेकरांची रीत त्यापुढची होती. तांब्यातलं पाणी सोडून झालं तरी नजर खाली आणायची नाही. गायत्रीची एक माळ पुरी होईपर्यंत बिंबाकडे पाहत राहायचं, शक्यतो पापणी न हलवता. आजोबांची माळ लवकर संपत असावी, कारण त्यांना पुढे यजमानांकडे पोचायची घाई असे. मास्तर पडले गणिताचे. त्यांनी नियम पक्का करून टाकला: शब्द न् शब्द स्पष्ट, घाई नाही. त्यांची माळ संपेतो सूर्य पलीकडच्या वाळूवरून चांगला वर आलेला असे आणि तांबूस थाळी पांढरीफटक झालेली असे. डोळ्यांना धार लागे. त्या पाण्याबरोबर आतला मळ वाहून जातो, असं वडील सांगत. मास्तरही तेच सांगत.

त्यांना एकच मुलगी, निवेदिता. मुलाची मुंज करतात त्या वयात मास्तरांनी तिच्या हाती तांब्या दिला आणि गायत्री शिकवली. गल्लीत कुजबूज झाली. मुलीच्या जातीला कुठे गायत्री, असं चार जणांनी तोंडावर विचारलं. मास्तर उसळून म्हणाले, "सूर्य काय घरात मुलगा आहे की मुलगी ते बघून उगवतो?" त्यांनी कुणाला भीक घातली नाही. अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर बापलेक शेजारी शेजारी उभे राहत, एकाच्या खांद्याला दुसऱ्याचं डोकं लागेपर्यंत ती वाढली, तरी उभे राहत. आपण मुलगी म्हणून तिला मागे ठेवलं नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. आणि खरं सांगायचं तर तो अभिमान बाळगण्यासारखाच होता. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते.

मास्तर गल्लीतून बाहेर पडल्यावर लागणाऱ्या एका इंटर कॉलेजात बारावीला गणित शिकवत. शिकवत मात्र झकास. सीमा हा धडा आला की ते फळ्यावर काही लिहायच्या आधी संकठा गल्लीच्या नाक्यावरचं पानाचं दुकान काढत. एक माणूस डावीकडून, संकठा घाटावरून चालत येतोय. दुसरा उजवीकडून, शिंदे घाटाच्या बाजूनं येतोय. डावीकडचा कुठे पोचत चाललाय? ती डावी सीमा. उजवीकडचा कुठे पोचत चाललाय? ती उजवी. दोघं एकाच दुकानापाशी येत असतील तर सीमा आहे, नसतील तर नाही. "और दुकान खुली है कि बन्द?" मास्तर विचारत. "वो तीसरा सवाल है! दोनों आदमी दुकान तक आ गए, इसका मतलब ये नहीं कि दुकान खुली मिलेगी." दुकान बंद म्हणजे आलेखावर पोकळ गोल. दुकान हलवून दुसरीकडे मांडलं असेल तर तिथे भरीव बिंदू. तोच खरा. त्या जागी फलनाची किंमत काय, हे फक्त भरीव बिंदू सांगतो, येणारी रेघ नाही.

आणि एक गोष्ट ते घसा फोडून सांगत, इतकी वर्षं की पोरं त्यांची नक्कल करताना हेच वाक्य म्हणत: "एक-एक तरफ़ से देखो! एक बाजू ढको, फिर देखो!" खरंच ते फळ्यावरच्या आलेखाची उजवी बाजू हातरुमालानं झाकत आणि डावीकडून बोट सरकवत आणत, मग डावी झाकत. बाजू झाकायच्या पोरांनी. मास्तरांना स्वतःला कधी काही झाकून पाहायची वेळ आली नव्हती.

त्या वर्षी चैत्र संपत आला होता आणि घरात एकच विषय होता. निवेदिता रेल्वेच्या परीक्षा एकामागून एक पास झाली होती. असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनात बसायची नोकरी. आता राहिली होती मेडिकल, ती येत्या सोमवारी. या नोकरीची मेडिकल म्हणजे मुख्यतः डोळे. चष्मा चालत नाही, आणि दोन्ही डोळे वेगवेगळे तपासतात.

"सिग्नल लांबून म्हणजे एक बिंदू असतो बाबा," ती जेवताना सांगत होती. "बस, एक डॉट. लाल है कि हरा, तेवढं अचूक दिसलं पाहिजे. मागे हजार पॅसेंजर."

"तुला काय चिंता!" मास्तर म्हणाले. "या घरातले डोळे आहेत ते."

अर्जाबरोबर डोळ्यांचा दाखला लागला होता, तेव्हाही असंच झालं होतं. ओळखीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पुणतांबेकर हे नाव ऐकूनच सही ठोकली होती. तुमच्याकडे काय बघायचं, असं म्हणून त्यांनी मास्तरांना पानही दिलं होतं. मेडिकल मात्र आता परक्यांसमोर होती, म्हणून निवेदितानं महिनाभर सूर्याचं व्रत धरलं होतं. कॉलेजात असताना तिच्या सकाळी अधूनमधून बुडत, आता एकही बुडत नव्हती. एका माळेच्या दोन झाल्या होत्या. दोन माळांचा सल्ला मास्तरांचाच.

मेडिकलला आठवडा राहिला असताना मास्तरांच्या डाव्या डोळ्याला रांजणवाडी आली. पापणी टरारून सुजली आणि दुपारपर्यंत डोळा पुरता मिटला. एवढ्याशा पुळीसाठी रजा कोण घेणार? ते तसेच वर्गावर गेले, उजव्या डोळ्यानं.

धडा सीमांचाच होता. त्यांनी हिमानी नावाच्या मुलीला फळ्यावर आलेख काढायला सांगितला. हुशार पोर, अक्षर मोत्यासारखं. तिनं पुस्तकातला वक्र काढला, डावीकडून चढत दोनपाशी तीन उंचीवर आलेला, तिथून पुढे उजवीकडे उतरलेला. दोनच्या जागी तीन उंचीवर पोकळ गोल काढला. त्याच्या बरोब्बर वर, पाच उंचीवर, खडू दाबून एक भरीव बिंदू दिला आणि ती जागेवर जाऊन बसली.

मास्तर फळ्यापाशी गेले. त्यांना वक्र दिसला. सलग, सुरेख, कुठेही न तुटलेला. वर मात्र काहीतरी पांढरं होतं. त्याच्याकडे पाहायला गेलं की नाहीसं व्हायचं, नजर हटवली की पुन्हा हजर. खडूचा डाग असेल म्हणून त्यांनी डस्टर घेतलं आणि तिथे नीट पुसलं. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "बाएँ से तीन. दाएँ से तीन. और दो पर मान? वो भी तीन. फलन सतत है. सीधा सवाल."

हिमानी हळूच उभी राहिली.

"सर, दो पर तो गोला खाली था. मान पाँच था. आपने... आपने बिन्दु मिटा दिया."

"कहाँ खाली है? आकर दिखाओ!"

ती आली आणि तिनं बोट ठेवलं. मास्तरांनी त्या बोटाकडे पाहिलं. मनगट दिसलं, मूठ दिसली, बोटाचं मधलं पेर दिसलं. टोक जिथे टेकलं होतं तिथे नुसता काळा फळा होता आणि त्यावरून रेघ सलग गेली होती. "बैठो," एवढंच ते म्हणाले, आणि तास संपायला वेळ होता तरी बाहेर पडले. कुणी हसलं नाही. पोरं हसली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मृणालिनीबाईंनी फडकं गरम करून शेकायला घेतलं. त्या पुढ्यात बसल्या, वाकल्या, आणि मास्तरांनी उघड्या डोळ्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्मा दिसत होता, भुवया दिसत होत्या, केसांतली पांढरी बट दिसत होती. कपाळ कोरं होतं.

"कुंकू पुसलं गेलंय तुझं," ते म्हणाले.

बाईंनी कपाळाला बोट लावून पाहिलं. बोट लाल झालं. त्यांनी ते नवऱ्यासमोर धरलं. "हे काय मग? सकाळी लावलंय तसं आहे. सवाष्णीच्या कपाळाकडे बघून असलं अभद्र काय बोलता हो? तिन्हीसांजा व्हायला आल्यात!"

मास्तरांनी पुन्हा पाहिलं. कपाळ कोरंच होतं. त्यांना एकदम इतकी भीती वाटली की त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. बाईंना वाटलं, शेक जास्त झाला.

दिवेलागणीला बाईंनी देवापुढे समई लावली आणि त्या आत गेल्या. मास्तर समईसमोर बसले. त्यांनी ज्योतीकडे पाहिलं. देव उजळलेले होते, पितळ चमकत होतं, भिंतीवर उजेड थरथरत होता. ज्योत मात्र नव्हती. नजर जरा बाजूला नेली की कोपऱ्यात ज्योत तेवताना दिसे, तिच्याकडे वळलं की विझे. त्यांनी हे किती वेळा केलं कोण जाणे. प्रत्येक वेळी त्यांना वाटे, आता दिसेल.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रांजणवाडीचा ताप डोक्यात गेला असेल, उतरला की जाईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्यासारखे निवेदिताबरोबर घाटावर गेले. डोळा सुजला म्हणून ते स्वतः खाली मान घालून उभे होते, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं लक्ष सूर्याऐवजी मुलीकडे होतं. पाणी सोडून झालं होतं. तांब्या पायरीवर ठेवून ती ताठ उभी होती. होडीवाले ओरडत होते, घाटावरचे पंडे छत्र्या रोवत होते, आणि ही जागची हलत नव्हती. सूर्य वाळूवरून सुटला, तांबडा होता तो पिवळा झाला, पिवळा होता तो पांढरा होऊ लागला. तिच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, हनुवटीवर आलं. ती पापणी हलवत नव्हती.

"निवू, आज पुरे," मास्तर म्हणाले.

"बाबा, दुसरी माळ अर्धी आहे," ती नजर न हलवता म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, अधूरं सोडायचं नाही."

तिथेच तिचा खांदा धरून तिला सूर्याकडे पाठ करून उभं करायला हवं होतं. मास्तरांच्या मनात ते आलं. आलं आणि गेलं. घराण्याची रीत, वडिलांचा शब्द, स्वतःचा इतक्या वर्षांचा अभिमान, हे सगळं एका पुळीवरून मोडायचं? त्यांनी पुन्हा मान खाली घातली. मी काही त्यांना फार दोष देत नाही, पण ती सकाळ मलाही विसरता येत नाही.

आणखी दोन सकाळी अशाच गेल्या. रांजणवाडी उतरली, डावा डोळा उघडला, आणि काय आश्चर्य, सगळं जागेवर आलं. ज्योत ज्योतीच्या जागी, कुंकू कपाळावर. मास्तरांना हायसं वाटलं. मग नसती दुर्बुद्धी की सद्बुद्धी कोण जाणे, पण वर्गाकडे जाताना संकठा गल्लीच्या नाक्यावर ते थांबले आणि डाव्या डोळ्यावर हात धरून त्यांनी पानाच्या दुकानाकडे पाहिलं. दोन्ही बाजूंची दुकानं होती. मधे पानवाला नव्हता. त्याचा आवाज येत होता, "मास्साब, का भयल? आँख में कुछ पड़ गयल का?"

ते कॉलेजला गेलेच नाहीत. तसेच मागे फिरून रिक्षानं डोळ्यांच्या इस्पितळात गेले.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाकावर बसवलं, मग यंत्रापुढे हनुवटी ठेवायला सांगितलं. पडद्यावर चित्र उमटलं तशी ती ते न्याहाळत राहिली. मग विचारलं, "बाबूजी, वेल्डिंग का काम करते हैं?"

"जी नहीं. अध्यापक हूँ."

"ग्रहण देखा था? खुली आँख से?"

"ग्रहण में तो हम बाहर ही नहीं निकलते."

"सूरज को जल देते हैं?"

"रोज."

"और देखते रहते हैं?"

मास्तरांनी मान हलवली. तिनं कधीपासून विचारलं, त्यांनी मुंजीपासून सांगितलं. ती काही रागावली नाही. तिनं पडदा त्यांच्याकडे फिरवला. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, रेटिनाचा, तो आडवा छेद होता. डावीकडून एक रेघ सावकाश उतरत मधल्या खळगीपर्यंत येत होती. उजवीकडून तशीच एक रेघ येत होती. थेंबांनी डावा डोळाही धूसर झाला होता, म्हणून मास्तरांना तो पाहण्यासाठी नजर बाजूला न्यावी लागली, आणि तशी नेल्यावर दिसलं की दोन्ही रेघा जिथे मिळायच्या तिथे मिळत नाहीत. मधे जागा रिकामी होती. असं चित्र त्यांनी जन्मभर फळ्यावर काढलं होतं.

"ये दाहिनी आँख है. बायीं में शुरुआत है," ती म्हणाली. "दोनों खुली हों तो एक आँख दूसरी की कमी ढक लेती है. और एक बन्द कर लें, तो भी दिमाग़ गड्ढा भर देता है. आसपास रेखा हो तो रेखा, दीवार हो तो दीवार. इसलिए पता नहीं चलता. आपने कभी एक-एक आँख से नहीं देखा?"

मास्तरांनी खिशातला हातरुमाल काढला आणि पुन्हा आत ठेवला.

"लौटेगा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"जो गया, उसकी उम्मीद कम है. जो बचा है उसे बचाइए. आज से सूरज की तरफ़ नहीं देखना है." मग तिनं खणातून एक कागद काढला. हातभर लांबून पाहायचा चौकटीचौकटींचा कागद, आलेखाच्या कागदासारखा, आणि बरोब्बर मध्यभागी एक ठळक काळा बिंदू. एक डोळा झाकायचा, बिंदूकडे पाहायचं, रेघा वाकड्या होतात का, बिंदू जातो का, ते बघायचं. रोज. कागद देता देता तिनं विचारलं, "घर में और कोई देखता है सूरज को?"

डॉक्टरीण त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि उत्तराची वाट न बघता तिनं खणातून तसाच दुसरा कागद काढून पहिल्यावर ठेवला.

परतताना थेंबांमुळे सगळा रस्ता पांढरा भगभगीत दिसत होता. चौकातून गल्लीत वळताना समोरून एक तिरडी आली, मणिकर्णिकेकडे निघालेली. मास्तर भिंतीला चिकटून उभे राहिले. डावीकडचे खांदेकरी गेले, उजवीकडचे गेले. मधे कोण होतं, बाई की बुवा, म्हातारं की तरणं, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी हात जोडले. त्यांना सारखं वाटत होतं की घरी पोचायला उशीर होतोय, आणि त्याच वेळी वाटत होतं, गल्ली अजून लांब असती तर बरं.

घरी भरदुपार होती. निवेदिता खिडकीपाशी बसून सोमवारसाठी कागदपत्रं लावत होती. आत मृणालिनीबाईंच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. मुलीला मेडिकलला घालायला त्या नवा कुर्ता शिवत होत्या.

मास्तरांनी दुसरा कागद तिच्यापुढे टेबलावर ठेवला. "जरा हे बघ," ते म्हणाले. आवाज वर्गातला काढायचा त्यांनी प्रयत्न केला. "मेडिकलची प्रॅक्टिस. मधोमध बघायचं. उजवा डोळा झाक."

तिनं हसून उजव्या डोळ्यावर तळहात धरला. "हं. बॉक्स आहेत. मधे काळा डॉट आहे."

"नीट आहे? जात-येत नाही ना?"

"अहो आहे ना बाबा. एकदम पक्का."

मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली. "आता डावा झाक," ते म्हणाले.

तिनं हात बदलला. कागदाकडे पाहिलं. तिचं हसू तसंच होतं. मग तिनं मान किंचित डावीकडे कलती केली, पुन्हा सरळ केली, पुन्हा कलती केली. गेले काही दिवस समईपुढे बसून मास्तर स्वतः नेमकं हेच करत होते.

"तुम्ही कागद बदलला का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग ही तुमची क्लासवाली ट्रिक आहे," ती म्हणाली. "दोनों तरफ़ से लाइन आ रही है, बीच में दुकान बन्द. हो की नाही? इथे काहीच नाहीये बाबा. बॉक्सेस आहेत नुसते, सरळ. डॉट पलीकडे कुठेतरी सरकतोय." तिनं वर पाहिलं. "बाबा? छापलाय ना तो?"

मास्तरांनी कागद ओढून घेतला. त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. उजव्यात चौकटी होत्या, स्वच्छ, एकसारख्या, सगळीकडे. डावा अजून थेंबांनी ओला होता, त्यात एक राखाडी धूसर काहीतरी आलं आणि गेलं. बिंदू आहे हे त्यांना माहीत होतं. आहे हे माहीत असणं वेगळं आणि पाहून सांगणं वेगळं, हे त्यांच्याइतकं कुणी शिकवलं नव्हतं. शपथेवर सांगा म्हटलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

"मला आंधळं केलंत का तुम्ही?" असं काही ती म्हणाली नाही. त्या क्षणी तिच्या मनात ते आलंही नसेल. ती फक्त सोमवारच्या कागदांकडे बघत होती, आणि तिचा हात अजून डाव्या डोळ्यावर होता.

शिलाई मशीन थांबलं. मृणालिनीबाई दोरा दातानं तोडत बाहेर आल्या. खांद्यावर अर्धा शिवलेला कुर्ता होता. "किती वेळ झाला हाका मारतेय, माप घ्यायचंय हिच्या बाहीचं. काय चाललंय दोघांचं?"

"आई," निवेदिता म्हणाली, "या कागदावर मधे डॉट आहे?"

बाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला आणि टेबलावर वाकल्या. "आहे की. मधोमध. एवढा काळाकुट्ट तर आहे." त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "का हो? तुम्हाला दोघांना दिसत नाही?"

मास्तरांनी पाहिलं तर बायकोचं कपाळ पुन्हा कोरं होतं, आणि या वेळी त्यांनी कुंकवाचं नाव काढलं नाही.

"कुठे आहे आई?" निवेदिता डावा डोळा तसाच झाकून म्हणाली. तिचा आवाज आठ वर्षांच्या पोरीसारखा आला. "मला दाखव ना."

बाईंनी कुर्ता खाली टाकला, मुलीचं बोट धरलं आणि कागदाच्या मधोमध टेकवलं.

"इथे गं," त्या म्हणाल्या. "हा बघ, इथे."

निवेदिता आपल्या बोटाकडे बघत राहिली.